कुठे राहायचं, कोणाबरोबर राहायचं

जुन्या हिंदू कायद्यात जन्मांध, जन्मापासून बहिऱ्या-मुक्या किंवा वेडसर ठरलेल्या माणसाला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा नसे. त्याला मिळे ते अन्नवस्त्र. त्याला उपाशी ठेवायचं नाही, उघडं पडू द्यायचं नाही, एवढी जबाबदारी भाऊबंदांवर असे. जमीन, घर, देणंघेणं यांत मात्र त्याला विचारायची गरज नव्हती. मिताक्षरा मानणाऱ्या प्रदेशांत, म्हणजे आपल्याकडेही, इंग्रजांच्या न्यायालयांनी हीच रीत पुढे चालवली. १९२८ साली एक छोटासा कायदा झाला आणि निव्वळ शारीरिक व्यंगामुळे वारसा नाकारणं बंद झालं. जन्मापासून मतिमंद किंवा वेडसर असलेले त्यातूनही वगळले होते. त्यांचा नंबर लागला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, २८ व्या कलमानं.

मिळकतीचा प्रश्न कागदावर सुटून सत्तर वर्षं होत आली. अन्नवस्त्राची समजूत मात्र घराघरांत शाबूत आहे. पस्तिशीतला सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा घरी असतो. त्याला वेळेवर जेवण मिळतं, औषधं मिळतात, मायाही मिळते. पण आंघोळ किती वाजता, बाहेर कधी पडायचं, मित्राच्या लग्नाला जायचं की नाही, पेन्शनच्या खात्याचं पासबुक कोणाकडे राहणार, हे सगळं दुसरं कोणीतरी ठरवतं. बहुतेक वेळा प्रेमानंच ठरवतं, त्यामुळे तक्रार कशी करायची हेही कळत नाही. स्वतंत्र जगण्याचा हक्क म्हणून जे कायदे गेल्या पन्नास वर्षांत जगभर झाले, ते नेमके याच गोष्टींबद्दल आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ज्याला पाण्याचा पेला स्वतः उचलता येत नाही, तो स्वतंत्र कसला राहणार? या आक्षेपाचं उत्तर कोणा तत्त्वज्ञानं दिलं नाही. एका विद्यार्थ्यानं दिलं. एड रॉबर्ट्सला चौदाव्या वर्षी, १९५३ साली, पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं, आणि श्वासासाठी दिवसाचा बराच वेळ लोखंडी फुप्फुसात, म्हणजे त्या काळच्या अजस्र नळकांड्यासारख्या यंत्रात, पडून राहावं लागे. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्यानं त्याच्या शिक्षणाला पैसे द्यायला सुरुवातीला नकार दिला. हा कधी नोकरी करू शकणार नाही, मग खर्च कशाला, असा हिशेब होता. तरीही १९६२ मध्ये तो बर्कली विद्यापीठात दाखल झाला. वसतिगृहात ते यंत्र ठेवायची सोय नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या इमारतीतच त्याच्या राहण्याची व्यवस्था झाली. त्याच्या मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले आणि रुग्णालयाचा तो भाग त्यांचं वसतिगृहच झाला.

या मुलांनी मदतनीस नेमले. नेमले कोणी, हे महत्त्वाचं. रुग्णालयानं नाही, आईवडिलांनी नाही, मुलांनी स्वतः. मदतनिसाला काम शिकवणं, वेळा ठरवणं आणि पटलं नाही तर दुसरा शोधणं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. १९७२ मध्ये बर्कली शहरात स्वतंत्र जगण्याचं पहिलं केंद्र उभं राहिलं, ते याच अनुभवावर. स्वातंत्र्य म्हणजे सगळं आपल्या हातानं करणं नाही, आपल्या मदतीवर आपला ताबा असणं, ही त्यांची व्याख्या. आपल्याकडे आमदार स्वतः गाडी चालवत नाहीत, स्वतःचं पत्र स्वतः टाइप करत नाहीत, सभेत सतरंजीही दुसराच उचलतो; त्यांना कोणी परावलंबी म्हणत नाही, कारण हुकूम त्यांचा असतो. रॉबर्ट्सची पुढची गोष्ट मला फार आवडते. ज्या पुनर्वसन खात्यानं त्याला निरुपयोगी ठरवलं होतं, त्याच खात्याचा संचालक म्हणून १९७५ मध्ये त्याची नेमणूक झाली.

बर्कलीतल्या हुशार विद्यार्थ्यांना हे जमलं. ज्यांना कोणी नाही आणि ज्यांच्या बुद्धीबद्दलच शंका घेतली जाते, त्यांचं काय? याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २२ जून १९९९ रोजी झाला. लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या जॉर्जिया राज्यातल्या दोन महिला. दोघींनाही बौद्धिक अपंगत्व आणि सोबत मानसिक आजार. दोघी अटलांटाच्या सरकारी मनोरुग्णालयात होत्या. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की या आता बाहेर, थोड्या आधारानं, राहू शकतात. लोइसच्या बाबतीत हे १९९३ मध्ये स्पष्ट झालं; ती बाहेर पडली १९९६ मध्ये, तेही खटला भरल्यावर. इलेनला तर रुग्णालय बेघरांच्या निवाऱ्यात पाठवायला निघालं होतं. वकिलानं हरकत घेतल्यावर ते राहिलं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी बहुमताचा निकाल लिहिला: गरज नसताना माणसाला संस्थेत डांबून ठेवणं हा अपंगत्वावरून केलेला भेदभाव आहे. कारण त्यामागे गृहीत धरलेलं असतं की ही माणसं समाजात राहायच्या लायकीची नाहीत, आणि संस्थेत राहिल्यानं नाती, नोकरी, शिक्षण सगळंच तुटतं.

या निकालाला अटी होत्या. डॉक्टरांना ते योग्य वाटलं पाहिजे, त्या व्यक्तीची हरकत नसली पाहिजे आणि राज्याच्या तिजोरीला ते पेललं पाहिजे. तिसरी अट वाचताना कोणाही भारतीयाला पुढचं दिसू लागतं. पण लोइसला त्या निकालानं काय दिलं, तेही पाहावं. ती पुढे चित्रकार झाली, स्वतःच्या घरात राहिली, २०११ मध्ये तिनं व्हाइट हाउसमध्ये जाऊन राष्ट्राध्यक्ष ओबामांना आपलं चित्र दिलं. २०२२ मध्ये ती वारली.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्यात हाच विचार १९ व्या अनुच्छेदात आला. आपण कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांसारखंच स्वतः ठरवण्याचा हक्क. त्यासाठी घरपोच मदत आणि वैयक्तिक मदतनीस मिळण्याची सोय. आणि सगळ्या लोकांसाठी असलेल्या सेवा अपंगांनाही वापरता येणं. भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी हा करार मान्य केला. त्याला धरून २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. बातम्या झाल्या त्या या आकड्याच्या आणि नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणाच्या. कलम ५ कडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

कलम ५ अगदी लहान आहे. अपंग व्यक्तींना समाजात राहण्याचा हक्क असेल, हे त्याचं पहिलं वाक्य, ठाम, बिनशर्त. दुसऱ्या वाक्यात सरकार येतं आणि सूर बदलतो. अपंगांना विशिष्ट ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये आणि वैयक्तिक मदतनिसासह आधार सेवा त्यांना मिळाव्यात, यासाठी सरकारनं प्रयत्न करावा. हक्क माझा पक्का, सरकारचा मात्र प्रयत्न! सरकारी भाषेत या क्रियापदाची किंमत काय असते, हे ज्यानं एकदा तरी तहसील कचेरीत अर्ज दिलाय त्याला समजावून सांगायला नको.

मानसिक आजाराच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ सांगतं की केवळ कुटुंब नाही, कुटुंब घेऊन जात नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, या कारणांनी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. घरचे दारात उभं करत नसतील तर स्वतःच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारनं वकिलाची मदत द्यायची, आणि बाहेर राहण्यासाठी पुनर्वसन गृहं, छोटी सामूहिक घरं उभारायची. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरे होऊनही तिथेच राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न जुना आहे. नातेवाइकांनी पत्ता चुकीचा लिहिलेला असतो, किंवा गावात बहिणीचं लग्न ठरायचं असतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं की महाराष्ट्रात अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जातंय. न्यायालयानं ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. अटलांटात इलेनला बेघरांच्या निवाऱ्यात पाठवायचा प्रयत्न १९९५ मधला. यंत्रणा कुठलीही असो, तिला सुचणारा उपाय एकच: खाट रिकामी करा.

संस्थेत राहणं वाईटच, असं सरसकट म्हणायला मी धजणार नाही. आपल्याकडे वरोऱ्याजवळचं आनंदवन आहे, कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड आहे. घरानं आणि गावानं टाकलेल्यांना तिथे छप्पर मिळालं, काम मिळालं, मान मिळाला. पण संस्था म्हटली की वेळापत्रक आलं, आणि वेळापत्रक माणसापेक्षा मोठं झालं की काय होतं, याचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणं कठीण जातं, हे कारण दिलं गेलं. मुलींना विचारायचा प्रश्नच कोणाला पडला नाही. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आज २०१६ च्या कायद्याचं कलम १० आहे: त्या व्यक्तीनं समजून-उमजून संमती दिल्याशिवाय तिला वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करता येत नाही.

संस्था लहान असली की प्रश्न सुटतो, असंही नाही. १९ व्या अनुच्छेदाचा अर्थ उलगडताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१७ मध्ये स्पष्ट केलं की शंभर जणांची इमारत असो, पाच-आठ जणांचं घर असो, की एकट्याचा फ्लॅट असो, काय खायचं, कोणाबरोबर राहायचं, मदतनीस कोण असावा हे ठरवायची मुभा नसेल तर ती संस्थाच. या कसोटीवर आपली कित्येक प्रेमळ घरंसुद्धा संस्था ठरतील.

आईबापांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. मतिमंद किंवा स्वमग्न मुलांच्या पालकांची बैठक कुठेही भरो, चहा येईपर्यंत तो निघतोच: आमच्या पश्चात याचं काय? उत्तर म्हणून त्यांना पालकत्वाचा कागद हवा असतो. तो कागद देणारे कायदे दोन आहेत, आणि दोघांचे स्वभाव जुळत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीलाही कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. २०१६ चा कायदा कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची भाषा करतो. ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरता पालक, आणि तोही त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे, तिच्याबरोबर मिळून निर्णय घेणारा. पूर्ण आधाराची तरतूदही त्यात आहे, पण ती अपवाद म्हणून.

आईबाप कलम १४ बद्दल विचारतात. मी त्यांना आधी कलम १३ वाचायला सांगेन. अपंग व्यक्तीला मिळकत धारण करण्याचा, वारसा मिळण्याचा, आपले पैसे स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेतून कर्ज घेण्याचा हक्क इतरांइतकाच आहे, असं ते म्हणतं. आधार देणारी व्यक्ती बदलण्याची मुभाही देतं. आणि एक फार व्यावहारिक अट घालतं: एखाद्या पैशाच्या किंवा मिळकतीच्या व्यवहारात आधार देणाऱ्याचे हितसंबंध अपंग व्यक्तीच्या हिताशी टक्कर घेत असतील, तर त्यानं त्या व्यवहारात आधार द्यायचा नाही, बाजूला व्हायचं. हक्कसोड पत्रावर बहिणीचा अंगठा घ्यायला आलेल्या भावाच्या हातात हे कलम आधी ठेवायला हवं.

आता पैशाकडे वळू, कारण स्वतंत्र जगण्याची गाडी शेवटी तिथेच अडते. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व पेन्शन, दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी, महिना ३०० रुपये आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून मिळणारं अनुदान २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. वाढ स्वागतार्हच. पण ब्यूरोतून दिवसभराचा माणूस आणायचा तर एवढ्यात आठवडाही निघत नाही. जास्त आधाराची गरज असलेल्या अपंगांना मदतनीस भत्ता द्यावा, असं २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. केरळ 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना ६०० रुपये देतं, पण ते सांभाळ करणाऱ्या नातेवाइकाच्या नावावर. म्हणजे पुन्हा पासबुक दुसऱ्याकडेच.

पैसे कोणाच्या हातात द्यायचे, याचं वेगळं उत्तर स्वीडननं दिलं. आडॉल्फ रात्स्का हा मूळचा जर्मन तरुण पोलिओनंतर पाच वर्षं म्युनिकच्या रुग्णालयात पडून होता. १९६६ मध्ये तो शिकायला लॉस एंजेलिसला गेला. तिथे मदतनिसांचे पैसे थेट त्याच्या हाती येत. पुढे स्टॉकहोमला स्थायिक झाल्यावर त्यानं इतर अपंगांबरोबर 'स्टिल' ही सहकारी संस्था काढली. सभासद अपंग, मालक अपंग, आणि मदतनीस त्यांचे पगारी कर्मचारी. १ जानेवारी १९९४ पासून स्वीडनच्या कायद्यानं वैयक्तिक मदतनीस हा हक्कच केला. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला २० तासांहून जास्त मदत लागणाऱ्याला सरकार तासांप्रमाणे पैसे देतं आणि ते कुठल्या संस्थेमार्फत किंवा स्वतःच कसे वापरायचे, हे तो ठरवतो. नंतरच्या वर्षांत तिथेही तास कापण्यावरून बरीच भांडणं झाली. पण आम्ही प्रयत्न करू, एवढ्यावर तिथलं सरकार सुटत नाही.

मदतनीस मिळाला तरी दारापुढे पायऱ्या असतातच. सार्वजनिक इमारती, बस, रेल्वे अपंगांना वापरता याव्यात यासाठी राजीव रतूरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. २०१६ च्या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमावलीतला १५ वा नियम केवळ शिफारशी करणारा आहे, कायद्याला अभिप्रेत असलेली सक्ती त्यात नाही, म्हणून तो रद्द करून तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला न्यायालयानं सांगितलं. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या निकालात हाच विचार मोबाइलच्या पडद्यापर्यंत गेला. बँकेच्या केवायसीत डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईनं किंवा अंध माणसानं ती कशी करायची? अशा सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नका, हे रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच बजावलं होतं. तरीही, सोबत कोणाला तरी घेऊन या, हे वाक्य काउंटरवर अजून ऐकू येतं.

तक्रार करायची तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार त्यांना आहेत. त्याहून कमी वापरलं गेलेलं हत्यार म्हणजे २०१६ च्या कायद्याचं कलम ३८. आपल्याला जास्त आधाराची गरज आहे असं ज्या व्यक्तीला स्वतःला वाटतं, तिला त्यासाठी अर्ज करता येतो. मग मूल्यमापन मंडळानं तपासायचं आणि कोणती मदत लागेल ते ठरवायचं. पुढे ती मदत मिळणार सरकारच्या योजनांच्या अधीन राहून. योजनाच नसेल तर अहवाल फायलीत. तरीही अर्ज करावेत असं मला वाटतं, कारण गरज लेखी नोंदवली गेली नाही तर अंदाजपत्रकात तिच्यासाठी ओळ निघत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग होते. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के त्यांच्यासाठी खर्च करायचे असतात. हा पाच टक्के निधी अनेक गावांत मार्चअखेर घाईघाईनं वाटला जातो: कोणाला रोख रक्कम, कोणाला तीनचाकी, कोणाला शिलाई यंत्र. साखर, दूध आणि पतपेढ्या सहकारातून उभ्या करणाऱ्या या राज्यात अपंग सभासदांनी चालवलेली मदतनिसांची सोसायटी अजून कोणाच्या डोक्यात कशी आली नाही, याचं मला नवल वाटतं. पाच-सहा गावांतले दहा-पंधरा सभासद, चार प्रशिक्षित मदतनीस, सकाळ-संध्याकाळ वाटून घेतलेले तास, मदतनिसांना नियमित पगार आणि आठवड्याची सुट्टी. निधी कशासाठी वापरायचा हे ग्रामसभेत विचारता येतं, आणि तिथे बसून विचारायला रॅम्प मात्र आधी लागेल.